गंजिफाच्या दहा पानांसाठी माउंटमध्ये गोल खिडक्या: ९२ चे माप ८९ का दिसते?

चौकटकार

नमस्कार. कुडाळ तालुक्यात माझे फोटो फ्रेमचे लहानसे दुकान आहे. सरळ चौकोनी माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्यामध्ये बसणारा खिडकी कापलेला जाड पुठ्ठा, मी गेली अकरा वर्षे हाताच्या कटरने कापतो आहे, त्यामुळे खालचा प्रश्न विचारताना संकोच वाटतो. परंतु या एकाच कामात माउंट बोर्डाच्या तीन शीट वाया गेल्यावर संकोच परवडत नाही.

सावंतवाडीहून हाताने रंगवलेल्या दशावतारी गंजिफाचा, म्हणजे खेळायच्या गोल पानांचा, पूर्ण संच घेऊन एक गिऱ्हाईक आले. संचात १२० पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एकपासून दहापर्यंतची पाने. त्यांपैकी फक्त दहा राजे, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, एकाच चौकटीत पाच-पाचच्या दोन ओळींत बसवून हवे आहेत. चतुर्थीला मुंबईची मंडळी घरी येतील तेव्हा चौकट भिंतीवर असली पाहिजे, असे त्यांनी बजावले आहे.

पानांचा व्यास ८० मिमी आणि जाडी दीड मिमीच्या आसपास आहे. पानाची रंगवलेली किनार झाकली जाऊ नये म्हणून पान खिडकीत मोकळे दिसावे आणि त्याच्याभोवती ६ मिमी मागचा बोर्ड दिसावा असे मी ठरवले, म्हणजे खिडकी ९२ मिमीची झाली. दोन खिडक्यांमध्ये २२ मिमी, वर व दोन्ही बाजूंना ७६ मिमी आणि खाली ९० मिमी सोडल्यास बोर्ड ७०० बाय ३७२ मिमीचा होतो.

आता अडचणी. गोल कटरवर काटेकोर ९२ लावूनही कापलेली खिडकी ८९ च्या जवळपास भरते. ब्लेड फिरून जिथे सुरुवातीला येऊन मिळते तिथे एक बारीक पायरी दिसते. आणि कापाच्या तिरप्या पांढऱ्या कडेवर कापसासारखी लव उभी राहते, जी चौकोनी खिडकी कापताना मला कधीही दिसली नव्हती. या तिन्हींचे कारण एकच आहे की तीन वेगवेगळी आहेत, हेही मला उमगलेले नाही.

खाडीपलीकडे

कारणे वेगवेगळी आहेत. मापाचे कोडे आधी सोडवू, कारण ते कटरचे नसून सवयीचे आहे.

चौकोनी माउंट तुम्ही मागच्या बाजूने कापता. ब्लेड ४५ अंशांत तिरपे असते, ते मागच्या रेषेवर आत शिरते आणि पुढच्या बाजूला बाहेरच्या दिशेने सरकून निघते. म्हणून मागे आखलेले माप हेच खिडकीचे खरे, म्हणजे सर्वांत लहान, माप असते आणि पुढे दिसणारी पांढरी कड त्याच्या बाहेर पडते. बहुतेक गोल कटर मात्र पुढच्या बाजूने चालतात. तिथे तुम्ही लावलेले ९२ हे पुढच्या कडेचे माप झाले, आणि ब्लेड तिथून केंद्राच्या दिशेने तिरके खाली जाते. बोर्ड १.४ मिमी जाडीचा असेल तर ४५ अंशांत ते आडवेही तेवढेच सरकते. दोन्ही बाजू मिळून २.८ मिमी गेले आणि ८९.२ उरले. तुमचा कटर अगदी बरोबर आहे.

तेव्हा ९२ हवे असतील तर ९४.८ लावा. पण मग दोन खिडक्यांमधली रंगीत पट्टी पुढून २२ ऐवजी १९.२ मिमी दिसेल, हे आखणीतच धरून ठेवा. पूर्वी एका गिऱ्हाइकाला कागदावर दाखवलेली पट्टी प्रत्यक्षात बारीक भरली होती आणि मी अर्धा तास उगाच वाद घालत बसलो होतो.

सुरंगी

पायरीबद्दल लिहिते. मी लंबगोल आणि गोल माउंटच अधिक करते, कारण आमच्याकडे जुन्या कुटुंबांतील आजी-आजोबांचे फोटो अजूनही लंबगोल खिडकीतच मागतात.

पायरी पडण्याचे पहिले कारण म्हणजे एका फेरीत आरपार कापण्याची घाई. सरळ रेषेत ब्लेड पूर्ण खोलीवर ढकलले तरी चालते, कारण त्याला एकाच दिशेने जायचे असते. वळणावर तेच ब्लेड बोर्डात अडकून किंचित वाकते आणि वाकलेले ब्लेड आपल्या मूळ वर्तुळावर परत येत नाही. म्हणून तीन फेऱ्या कराव्यात: पहिली केवळ वरचा रंगीत कागद चिरण्याइतकी, दुसरी अर्ध्या जाडीपर्यंत आणि तिसरी आरपार. पहिल्या फेरीत पडलेली चीर पुढच्या दोन्ही फेऱ्यांना वाट दाखवते. फेरी संपवताना जिथे सुरुवात केली तिथेच न थांबता बोटभर पुढे जाऊन मग ब्लेड हळूहळू उचलावे. तिन्ही फेऱ्या एकाच जागी सुरू करू नयेत, नाहीतर तीन बारीक चुका एका ठिकाणी जमून डोळ्यांत भरतात. मी घड्याळाप्रमाणे बारा, चार आणि आठ वाजता सुरू करते.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. तिसरी फेरी संपत आली की मधला तुकडा जवळजवळ सुटलेला असतो, आणि कटरची टोचणी त्याच तुकड्याच्या मध्यभागी रोवलेली असते. तुकडा केसभर सरकला की केंद्रच सरकते. त्यासाठी माउंटच्या खाली टाकाऊ बोर्ड ठेवावा आणि पडणाऱ्या तुकड्याच्या मागे दुहेरी चिकटपट्टीचे दोन तुकडे लावून तो खालच्या बोर्डाला धरून ठेवावा. खालचा टाकाऊ बोर्डही प्रत्येक खिडकीला कोऱ्या जागेवर सरकवावा. त्यावर आधीच्या कापाची चर असली की ब्लेडचे टोक त्या चरीत ओढले जाते.

दहा खिडक्यांची केंद्रे आखताना एकापासून दुसरे, दुसऱ्यापासून तिसरे असे मोजू नये. दर वेळी अर्धा मिमी चुकला तर पाचव्या खिडकीला दोन मिमी होतात. सर्व मापे डावी कड आणि वरची कड या दोनच रेषांपासून घ्यावीत. पेन्सिलीची खूण पडणाऱ्या तुकड्यावरच येत असल्याने ती पुढच्या बाजूने करण्यास हरकत नाही.

जांभा_चिरा

लव ही पावसाळ्याची देणगी आहे.

आषाढात आपल्याकडची हवा कागदाला कोरडे राहू देत नाही. माउंट बोर्ड म्हणजे दाबून एकत्र केलेला लगदाच, तो ओल ओढून मऊ पडतो, आणि मऊ बोर्ड चिरला जाण्याऐवजी फाटतो. चौकोनी खिडकीत हे दिसत नाही, कारण सरळ जाणारे ब्लेड तंतू एका दिशेने कापत जाते. गोल कापात ब्लेड कधी तंतूंच्या बाजूने तर कधी आडवे जाते. नीट पाहिलेत तर लव संपूर्ण वर्तुळावर नसून समोरासमोरच्या दोन भागांतच जास्त असेल.

माझा क्रम असा असतो. बोर्ड आल्याबरोबर जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, भिंतीपासून दूर, आडवा ठेवायचा. जांभ्याच्या भिंतीला टेकवून उभा ठेवलेला बोर्ड आठ दिवसांत धनुष्य होतो. कापायच्या आदल्या दिवशी तो ओलावा शोषणाऱ्या यंत्राच्या बंद खोलीत सपाट पसरून ठेवायचा. उन्हात किंवा हिटरसमोर धरायचा नाही, कारण एक बाजू आधी वाळली की तो वाकतोच.

ब्लेडकडेही पाहा. समुद्राच्या हवेत डबी उघडी राहिली तर नव्या ब्लेडला रात्रीतून तांबूस ठिपके पडतात, आणि ते पांढऱ्या तिरप्या कडेवर करड्या रेघेच्या रूपाने उमटतात. मी ब्लेड सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवतो आणि वापरण्याआधी धार सांभाळून पुसून घेतो. गोल कामात एका ब्लेडवर तीन-चार खिडक्यांपेक्षा अधिक काढण्याचा मोह मला परवडलेला नाही. उरलेली थोडी लव अतिशय बारीक पॉलिशपेपरने, कडेच्या उताराच्या दिशेनेच, एक-दोन हात फिरवून जाते. वरून खाली-वर घासल्यास रंगीत कागदाची कड पांढरी पडते.

चौकटकार

तिघांचेही मनापासून आभार. मापाचा खुलासा वाचल्यावर मी जुन्या तीन शीट पुन्हा मोजल्या. तिन्हींवर पुढून ९२ आणि मागून ८९ आहे. अकरा वर्षे मागून कापणाऱ्या माणसाने पुढून कापायला घेतल्यावर हे एकदाही मनात येऊ नये, याला काय म्हणावे!

जांभा_चिरा यांचेही म्हणणे खरे ठरले. लव प्रत्येक खिडकीत डाव्या आणि उजव्या अंगालाच आहे.

आता पुढचा पेच. गिऱ्हाइकाला माउंट ‘भरलेला’ हवा आहे. प्रत्येक गोलाभोवती सोनेरी रंगाच्या दुसऱ्या माउंटची कड, सगळ्यांच्या बाहेरून कोरलेली रेघ, आणि बाहेरच्या चौकोनाला खाचेचे नक्षीदार कोपरे, अशी मागणी आहे. हे एकाच चौकटीत शोभेल का, आणि खाचेचे कोपरे कापण्याची पद्धत काय?

खाडीपलीकडे

पद्धत सांगतो, शोभेचे नंतर पाहू.

साध्या चौकोनी खिडकीला चार काप असतात. प्रत्येक कोपऱ्यात चौकोनी खाच घेतली की माउंटचा एक छोटा चौकोन खिडकीत पुढे येतो आणि काप बारा होतात. लोक बारा हा आकडा ऐकून घाबरतात, पण बारा टोकांपैकी खरी अवघड टोके आठच. नेहमीच्या आतल्या कोपऱ्यात ब्लेड रेषेपुढे फार गेले तर ते माउंटच्या दर्शनी भागात शिरते आणि कायमची चीर दिसते. कमी गेले तर पुढच्या बाजूला कोपरा सुटत नाही, आणि तो ओढून काढल्यास फाटतो. पण माउंटचे जे टोक खिडकीत पुढे आलेले असते, तिथे रेषेपुढे गेलेले ब्लेड पडणाऱ्या तुकड्यात जाते. ती चार टोके तुम्ही निर्धास्तपणे पुढे नेऊ शकता.

आठ टोकांसाठी नियम तोच, जो तुम्ही रोज वापरता: मागून कापताना सुरुवातीला आणि शेवटी रेषेपुढे साधारण बोर्डाच्या जाडीइतके जायचे. नेमके किती, हे तुमच्या कटरवर त्याच बोर्डाच्या टाकाऊ तुकड्यात दोन कोपरे कापून ठरवा. कारण ओला बोर्ड आणि कोरडा बोर्ड यांत तेवढाही फरक पडतो. बाराही काप लावण्याआधी मागच्या बाजूला पडणारा भाग पेन्सिलीने रेघाटून ठेवा. मी एकदा खाचेच्या बाजूचा उतार उलटा कापला होता. पुढून तिथे पांढरी कडच नव्हती.

सुरंगी

शोभेबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. गंजिफाचे पान स्वतःच एक चौकट आहे, फक्त ती गोल आहे. मध्ये देवता, भोवती रंगवलेली किनार आणि त्यावर लाखेची चमक. त्याच्याभोवती मागच्या बोर्डाचे वलय, मग सोनेरी कड, मग पांढरा तिरपा काप, मग वरचा माउंट, असे केल्यास देवतेपर्यंत पोचण्याआधी डोळ्याला चार वलये ओलांडावी लागतील, तीही दहा वेळा.

माउंटची सजावट वाईट असते असे मी म्हणत नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये मारिएत नावाचे संग्राहक होऊन गेले (१६९४–१७७४). त्यांनी आपल्या संग्रहातील रेखाचित्रांना निळ्या कागदाचे आणि सोनेरी रेघांचे माउंट केले, आणि आजही त्या निळ्या माउंटवरून त्यांच्या संग्रहातले चित्र ओळखले जाते. परंतु ती खडूची आणि शाईची चित्रे होती, रंगाने मिताहारी, म्हणून सभोवतालच्या रंगाला वाव होता. तुमच्या पानांत तो नाही.

दुहेरी गोल खिडकीत आणखी एक धोका आहे. दोन्ही गोल एकाच केंद्रावर नसतील तर सोनेरी कड एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते. चौकोनात अर्धा मिमी खपून जातो, गोलात तो ग्रहणासारखा दिसतो. दहा जोड्यांपैकी एक जरी चुकली तरी पाहुणा तीच पाहील.

मी असते तर बाहेरच्या खाचेचे कोपरे ठेवले असते, रेघ आणि सोनेरी कड सोडली असती. गिऱ्हाईक हट्टाला पेटले तर एकाच खिडकीचा नमुना दोन्ही प्रकारे कापून पानासह समोर ठेवा. तोंडी समजावून सहसा कुणी ऐकत नाही.

जांभा_चिरा

एक शंका कालपासून मनात आहे. पान दीड मिमी जाड, माउंट १.४ मिमी जाड, आणि पान खिडकीत मोकळे, म्हणजे मागच्या बोर्डावर ठेवलेले. मग पानाचा पृष्ठभाग माउंटच्या पृष्ठभागाच्या किंचित वरच आला. त्यावर काच ठेवलीत तर काच थेट पानावर टेकेल!

लाखेच्या पृष्ठभागाला काच टेकणे म्हणजे आपल्या हवेत संकटाला निमंत्रण आहे. उन्हाळ्यात लाख मऊ पडते, पावसाळ्यात काचेच्या आत दव धरते, आणि दोन्हींचा परिणाम पान काचेला चिकटण्यात होतो. माउंटचे पहिले काम शोभेचे नसून चित्र आणि काच यांच्यामध्ये हवा ठेवण्याचे आहे. ते काम तुमची रचना आज करत नाही.

उपाय असा की माउंट उचलून घ्यावा. त्याच्या मागे ५ मिमी जाडीच्या फोम बोर्डाच्या पट्ट्या लावाव्यात. खिडक्यांच्या मधल्या भागात मागून २२ मिमी जागा आहे, तिथे १० मिमी रुंदीचे तुकडे मध्यभागी लावलेत तर दोन्हीकडे सहा-सहा मिमी आत राहतील आणि पुढून दिसणार नाहीत. त्यातून खिडकीला खोली येते आणि पानाची बारीक सावली मागच्या बोर्डावर पडते. सोनेरी कडेऐवजी ही सावलीच गिऱ्हाइकाला दाखवून पाहा.

पान गोंदाने चिकटवू नये, हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. गरम दाबाच्या यंत्राचा तर विचारही नको. मी अशा जाड वस्तू पारदर्शक पॉलिस्टरच्या बारीक पट्ट्यांनी धरतो. पट्टी पानाच्या कडेवरून केवळ एक-दीड मिमी पुढे येते आणि तिची टोके मागच्या बोर्डातील चिरेतून पलीकडे नेऊन चिकटवलेली असतात. तीन पट्ट्या पुरतात.

करवंद

मी फ्रेमवाला नाही, फ्रेम लावून घेणारा आहे. आमच्या वेंगुर्ल्याच्या घरात एका जुन्या फोटोच्या कडेने, अगदी माउंटच्या खिडकीच्या रेषेवर, तपकिरी रेघ उमटली आहे. फ्रेमवाल्याने सांगितले की कापताना ब्लेडने जाळली. ब्लेड फोटोला कसे जाळेल, हे मला समजले नाही.

आणि एक आगाऊ प्रश्न: १२० पानांतले दहा राजे भिंतीवर गेले तर उरलेल्या ११० पानांनी खेळायचे कसे?

खाडीपलीकडे

ब्लेड जाळत नाही. स्वस्त माउंट बोर्डाचा गाभा लाकडाच्या लगद्याचा असतो. त्यातील लिग्निन (लाकडाच्या तंतूंना बांधून ठेवणारा घटक) उजेडात आणि दमट हवेत आम्लधर्मी होत जाते, आणि कापलेल्या कडेला हा गाभा उघडा पडलेला असल्याने आम्ल नेमके तिथूनच खालच्या कागदात उतरते. जुन्या माउंटची पांढरी तिरपी कड पिवळी पडलेली दिसते, त्याचेही कारण हेच. सुती चिंध्यांच्या लगद्याच्या किंवा लिग्निन काढून टाकलेल्या बोर्डाने हे टळते. तो महाग आहे, पण फ्रेमच्या एकूण खर्चात माउंटचा वाटा किती असतो, हे चौकटकार सांगतीलच. तुमच्या फोटोची रेघ आता जाणार नाही, मात्र माउंट बदलल्यास ती गडद होणे मंदावेल.

खेळाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही.

चौकटकार

तीन आठवड्यांनी लिहितो आहे. चौकट काल पोचती केली.

नमुना दोन्ही प्रकारे कापून दाखवला. गिऱ्हाइकाच्या पत्नीने वराहाचे पान दोन्ही खिडक्यांत आळीपाळीने ठेवून पाहिले आणि सोनेरी कड स्वतःच बाजूला सारली. सुरंगीताई, आपला सल्ला शंभर टक्के लागू पडला. खाचेचे कोपरेही घेतले. त्यासाठी वर दुसरा माउंट लावला, ज्याची एकच मोठी खिडकी दहाही गोलांना सामावते. बाराव्या कापाला वीज गेली. खिडकीच्या उजेडात कापला आणि तोच सर्वांत स्वच्छ आला आहे.

गोल खिडक्यांसाठी सुती बोर्ड वापरला. कटर ९४.८ वर लावता येत नाही, कारण त्याच्या पट्टीवर मिलिमीटरच्या खालची खूणच नाही. ९५ वर लावले आणि मागून ९२.२ भरले. फोम बोर्डाच्या पट्ट्या आणि वरचा दुसरा माउंट यांमुळे काच पानांपासून पाच मिमीहून अधिक दूर राहिली. फ्रेमची पट्टी मात्र त्यासाठी अधिक खोल खाचेची घ्यावी लागली. हे मला आधी सुचले नव्हते आणि त्यापायी कापलेली एक पट्टी अडगळीत गेली.

एक गोष्ट कुणाच्याच बोलण्यात आली नव्हती. हाताने केलेली पाने पूर्ण गोल नसतात. कूर्माचे पान उभे ८० आणि आडवे ७९ भरले, आणि देवता सरळ राहिली पाहिजे म्हणून पान फिरवताही येत नाही. खिडकी अचूक गोल झाल्यावरच पानाचा हा किंचित चपटेपणा मला दिसू लागला. मी त्याला हात लावला नाही. ते पान मध्यभागी ठेवले आणि डावी-उजवीकडे अर्धा मिमी जास्त सोडला.

करवंद, उरलेली ११० पाने त्यांच्या रंगवलेल्या डब्यात परत गेली आहेत. आपला प्रश्न मी गिऱ्हाइकाला विचारला. ते हसले, पण उत्तर दिले नाही.

जांभा_चिरा

अभिनंदन. दहा खिडक्यांना ब्लेड किती लागली?

चौकटकार

चार. तिसरे ब्लेड आठव्या खिडकीपर्यंत ताणले आणि तिथे उजव्या अंगाला लव आली. नवव्या व दहाव्याला नवे लावले. आठवी खिडकी पॉलिशपेपरने सुधारली आहे. खालच्या ओळीत डावीकडून तिसरी. सांगितल्याशिवाय दिसत नाही, पण मला मात्र दिसते.